हुकमाची वाट न पाहता

सरांनी कात्रण हातात घेतलं नाही. "तुम्हीच वाचा," म्हणाले, आणि ती वाचत गेली तशी त्यातली चार वाक्यं त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवली.

झडप उघडी राहिली. वाफ पसरली. क्षणात होत्याचं नव्हतं झालं. आणि एक तरुण, कुणाच्या हुकमाची वाट न पाहता, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, आत शिरला.

वाचताना तिला कात्रणाकडे पाहावं लागलं नव्हतं. सात वर्षांत ते भाषण तिला नावापत्त्यासारखं पाठ झालं होतं. कागद कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी शोकसभेत केलेलं हे भाषण पुढे कारखान्याच्या मासिकात छापून आलं होतं. असं बोलता यावं, एवढ्याचसाठी तिने वाचनालयातल्या या शनिवारच्या वर्गात नाव घातलं होतं. त्याच कारखान्यात ती कामाला होती; पॅकिंग विभागातल्या बायकांनी तिला प्रतिनिधी केलं होतं, आणि साहेब लोकांसमोर उभं राहिलं की तिची दातखीळ बसायची. वर्गात सर भाषणं, जाहिराती, पुस्तकांतले उतारे घेऊन शब्द कुठे काय काम करतात ते उलगडून दाखवत. आज प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी आणायचं होतं. भाषणातला तरुण आपला कोण, हे तिने वर्गाला सांगितलं नव्हतं. आधी त्यांनी नुसतं ऐकावं, दाद द्यावी, मग सांगू, असं तिच्या मनात होतं.

दाद मिळालीही.

"नाटकात शोभेल बुवा," बस कंडक्टर म्हणाला. "माझ्या तर अंगावर काटा आला."

"का आला?" सरांनी लगेच विचारलं. ते कॉलेजातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे. चांगलं वाक्य सापडलं की त्यांच्या चेहऱ्यावर भूक लागल्यासारखे भाव येत. "वाक्यं बघा. आखूड, आखूड, मग थोडं लांब. आपला श्वास अडकतो. मग 'न पाहता, न करता', एकच ठेका दोनदा. आणि शेवटी 'शिरला'. श्वास सुटला. माणूस कसलेला आहे हा."

ती खाली मान घालून हसली. मॅनेजरसाहेबांचं कौतुक होतं, पण तिला ते घरचंच वाटलं.

"आता दुसरी गंमत," सर म्हणाले. "क्रियापदांभोवती गोल करा आणि प्रत्येकाला विचारा, कोणी?"

त्यांनी स्वतःच गोल केले. खडू मधेच मोडला, त्यांनी तुकड्याने काम पुरं केलं.

"झडप उघडी राहिली. कोणी ठेवली?"

"राहिली," दुकानदार म्हणाला. "आपली आपण राहिली."

वर्ग हसला.

"वाफ पसरली. बरं, ती पसरणारच. होत्याचं नव्हतं झालं. कोणी केलं?"

"झालं," आता दोघंतिघं एका सुरात म्हणाले. त्यांना खेळ कळला होता.

"आणि शिरला. कोण?"

"तरुण."

वर्गात एक नर्स होती, सरकारी दवाखान्यातली. सहसा गप्पच असायची. ती फळ्याकडे बघत सावकाश म्हणाली, "म्हणजे एवढं सगळं घडलं, आणि त्यात काही केलं असेल तर ते त्या एकट्या मुलानंच."

"बरोबर!" सरांनी खडू तिच्याकडे रोखला. "आणि 'हुकमाची वाट न पाहता' हे कौतुक वाटतं ना? वकिलाच्या नजरेनं वाचा. त्याला कोणी पाठवलं नव्हतं, तो आपल्या मनानं गेला. शाबासकीच्या कागदात गुंडाळलेला ठपका आहे हा. आणि ज्यांच्या माणसावर ठेवला, तेच टाळ्या वाजवत असणार."

टाळ्या नव्हत्या वाजल्या, शोकसभा होती. पण तिने उठून साहेबांना वाकून नमस्कार केला होता.

"कोण होता हो हा?" सरांनी तिला विचारलं.

"होता एक," ती म्हणाली. "बॉयलरवर."

"पुढच्या शनिवारी दोन पानं लिहून आणा. उत्तम नमुना आणलात."

घरी जाताना बसमध्ये तिला अपघाताच्या चौकशीच्या कागदावरची ओळ आठवली. कामगार स्वतःहून आत गेला. अठराव्या वर्षी तिने ती ओळ आईला मोठ्यांदा वाचून दाखवली होती. "बघ, इथंही लिहिलंय," असं म्हणाली होती.

आई खिडकीपाशी उशीची खोळ शिवत होती. घरात मुलीला धाकटी म्हणत. थोरला गेल्यावरही ते नाव तसंच राहिलं होतं.

"आलीस? हात धू, ताट वाढते."

धाकटीने पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. "आई, दादाला आत कोणी पाठवलं?"

आईची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. मग तिने ती ओढून घेतली, दोरा ताणला, दातांनी तोडला.

"फोरमननं."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याच संध्याकाळी आला होता. दारातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, वरून फोन आला, मशीन बंद पडता कामा नये म्हणाले, मी तुमच्या पोराला म्हटलं जा. तो नको म्हणत होता."

"नको म्हणत होता?"

"दोनदा म्हणाला होता."

धाकटी जमिनीवर बसली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग ते भाषण?"

"तिसऱ्या दिवशी साहेब घरी आले. तू आतल्या खोलीत पडून होतीस. कागद वाचून दाखवला मला. म्हणाले, यात काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा. मग विचारलं, मुलीचं शिक्षण कुठवर झालंय, कारखान्यात घेता येईल." आईने खोळ उलटी करून शिवण तपासली. "मी म्हटलं, काही बदलायचं नाही."

"आणि मला सात वर्षं—"

"तू तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतंस. ते भाषण ऐकून आलीस आणि जेवलीस. ताट पुढं ओढून घेऊन जेवलीस. मी काय करायला हवं होतं? तोंडातला घास काढून घ्यायचा?"

आईने पुन्हा सुई हातात घेतली, पण दोरा ओवायला तिला जमेना. दोन-तीनदा चुकला. नेहमी अशा वेळी धाकटी हात पुढे करायची. आज ती बसून राहिली.

सोमवारी फोरमन फाटकापाशी भेटला. तो रोजच भेटायचा, तिच्यासाठी दार धरून ठेवायचा, आणि ती त्याला मायाळू माणूस समजत आली होती.

"आई बरी आहे ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली आणि आत गेली. दिवसभर तिने खोकी मोजून बांधली, एकही चुकलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने सरांच्या टेबलावर दोन पानं ठेवली. सरांनी उभ्याउभ्याच चाळली. साबणाच्या जाहिरातीवर होती. मुद्देसूद, एकेक शब्द नीट सुटा केलेला.

"चांगलं आहे," ते हिरमुसून म्हणाले. "पण सोपं घेतलंत. ते भाषण का सोडलं?"

"कात्रण हरवलं, सर."

वर्ग सुटल्यावर जिन्यात नर्सने तिला गाठलं. बराच वेळ मनाशी जुळवून आल्यासारखी ती एकदम म्हणाली, "तो मुलगा तुमचा कोण होता?"

"भाऊ."

नर्सने डोळे मिटून घेतले. "त्या दिवशी घरी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी तसं बोलायला नको होतं."

"नाही. बरोबर बोललात."

"मग लिहायचं होतं ना. सगळ्यांची नावं घालून. तुम्ही तर तिथं प्रतिनिधी आहात."

धाकटीने कठड्यावर हात ठेवला. खाली दुकानदार आणि कंडक्टर कुठल्याशा जाहिरातीवरून हुज्जत घालत होते; त्यांचं हसणं वर येत होतं.

"बसले होते लिहायला," ती म्हणाली. "कोणी, कोणी, असं विचारत गेले. साहेब झाले, फोरमन झाला. मग आमच्या घराचा उंबरा आला."

नर्स काहीतरी बोलणार होती. पण धाकटी तोवर दोन पायऱ्या उतरली होती, आणि खालून कंडक्टर तिला हाक मारत होता, "या, या, तुम्हीच सांगा आता, तुम्हाला कळतं यातलं."