नकाशातून उडालेलं नॉर्बी

अमेरिकेतल्या त्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, दीडशे वर्षं झाली म्हणून तिच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं, आणि ते लिहायला बसला ड्वेन हॅस्कल, ज्याने शाळेत एकही पुस्तक धड शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. ऑर्फा लिंडक्विस्ट त्याच्याच वर्गातली, म्हणून तिला हे पक्कं ठाऊक. तीस वर्षं तिने काउंटीचे मातीचे रस्ते यंत्राने सपाट केले होते. कुठला ओढा कुठे वळतो हे ती डोळे मिटून सांगायची. पण पुस्तकाच्या समितीत तिला कोण घेतंय! तिच्याकडे पिकअप होती, तेव्हा छापखान्यातून खोकी आणायचं काम तेवढं तिच्या गळ्यात पडलं.

घरी येऊन तिने एक प्रत उघडली. काउंटीची कचेरी पूर्वी ऑर्फाच्या गावात, नॉर्बीत होती; तिची दप्तरं ड्वेनच्या पणजोबांनी, म्हणजे पुस्तकातल्या 'संस्थापकांनी', 'सुरक्षित स्थळी हलवली' म्हणे. हलवली कसली! नॉर्बीची माणसं रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली बघून या महापुरुषाने दप्तरं घोडागाडीत घालून आपल्या गावी पळवली. दप्तरांमागे कचेरी गेली, मग रेल्वे, मग माणसं. मागच्या पानावरच्या नकाशात तर नॉर्बी नव्हतंच.

तिने फोन लावला. "ड्वेन, माझं गाव कुठं गेलं रे?"

"अगं, तिथं आता राहतंय कोण?"

"मी राहते."

"एका बाईला काय गाव म्हणायचं, ऑर्फा?"

"एका चोराला संस्थापक म्हणता येतं, मग बाईला गाव म्हणायला काय जातंय तुझं?"

त्याने फोन आपटला.

प्रती चारशे. चार दिवस ऑर्फा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि प्रत्येक नकाशावर तिने शाईने ठिपका देऊन शेजारी लिहिलं: 'नॉर्बी. वस्ती एक. दप्तरं इथून चोरली.'

समारंभात ड्वेन टाय लावून पूर्वजांच्या त्यागावर बोलत होता. पुढच्या रांगेत कुणी तरी नकाशा उघडला. खसखस पिकली आणि मागपर्यंत पोचली.

"पुस्तकं नासवलीस तू!" ड्वेन बिटासारखा लाल झाला.

"सुधारली. तीही फुकटात."

"अहो, दप्तरं चोरलीच होती ना?" त्याची बायको ग्लेंडा खुर्चीतूनच म्हणाली. "सासूबाई तर येईल त्याला कौतुकाने सांगायच्या."

मग मात्र सभागृह पोट धरधरून हसलं. केक आणि कॉफी संपायच्या आत चारशेच्या चारशे प्रती खपल्या. ड्वेनने हट्टाने बिनठिपक्याची दुसरी आवृत्ती छापली. ती कचेरीच्या तळघरात उंदीर तेवढे आवडीने वाचतात.