काचेत न मावणारा आकडा

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? मोड हातावर ठेवण्याआधी दोनदा मोजणाऱ्यावर, की "अहो, आपल्यात कसली मोजामोज" म्हणत पाठीवर थाप मारणाऱ्यावर? घाई नाही. आधी माझं ऐका, मग ठरवा.

मी गल्ला बोलतोय. कॅन्ससमधल्या प्रेअरी फोर्क गावच्या लिंडक्विस्ट हार्डवेअरचा. ओतीव लोखंडाचं अंग, पितळी कळा, उजवीकडे दांडी आणि कपाळावर काच. कळा दाबून दांडी ओढली की काचेत आकडा उभा राहतो, घंटी वाजते आणि पोटातला खण बाहेर येतो. आकडा दुकानदाराला दिसतो तसाच गिऱ्हाइकालाही दिसतो. माझी सगळी अब्रू त्यातच.

जन्म ओहायोतला. पहिला मालक किराणावाला होता. त्याचं दुकान बसलं आणि लिलावात थोरल्या नेल्स लिंडक्विस्टने मला अठरा डॉलरला उचललं. कळा दाबून पाहताना त्याच्या ध्यानात आलं, की नऊशे नव्व्याण्णव डॉलर नव्व्याण्णव सेंटच्या पुढचा आकडा माझ्या काचेत मावत नाही. त्याने कुरकुर केली, तेव्हा लिलाववाला म्हणाला, "हजाराच्या पुढचा हिशेब ज्याला लागतो, त्याला गल्ला नाही, वकील लागतो." नेल्स हसला आणि मला गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आला.

त्याचा मुलगा एमेट माझ्याच फळीवर बेरीज शिकला. शाळा त्याला मानवली नाही, पण माणूस वाचायला तो पक्का. गिऱ्हाईक आत आलं की चालीवरून सांगायचा, नळ गळतोय की छप्पर. रोखीवाले माझ्या काचेकडे बघतात आणि उधारीवाले छताकडे, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. भांडण कुंपणाचं असो की जावयाचं, लोक म्हणायचे, एमेटला विचारा.

गावाबाहेर लष्कराचा डेपो आहे. चादरी, टायर, रंग, सुटे भाग, सगळं तिथे येतं आणि तिथून जगभर जातं. सरकारी वर्ष तीस सप्टेंबरला संपतं. त्या आधीच्या आठवड्यात डेपोची माणसं दुकानात शिरायची ती गरज घेऊन नव्हे, उरलेली रक्कम घेऊन. एका साली त्यांनी बर्फ उपसायची एकशे चाळीस फावडी नेली, आणि डेपोत शिपाई होते साठ. वाळवंटी मातकट रंगाचे डबे तर दर साली शेकड्याने जायचे. एमेट एकेका बिलासाठी नऊशे नव्व्याण्णवच्या कळा दाबून दांडी ओढायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा ओढायचा. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात वस्तरा थांबवून लोक म्हणायचे, "एमेटचा नाताळ आला." वर्षाच्या धंद्याचा तिसरा हिस्सा त्या एका आठवड्यात व्हायचा.

अशात पुरवठा विभागाची मुख्य म्हणून व्हर्ना स्टकी आली. एमेटची शाळासोबतीण. तिचं घराणं मेनोनाइट पंथाचं, पिढ्यान्‌पिढ्या बंदुकीला हात न लावणारं. ती डेपोत नोकरीला लागली तेव्हा चुलत्याने वर्षभर अबोला धरला होता. मी गोळ्या मोजत नाही, चादरी मोजते, असं ती त्याला सांगत राहिली.

पहिल्याच सप्टेंबरात तिने माझ्या शेजारी फळीवर रंगाचा एक डबा ठेवला. झाकणावर आमच्या दुकानाची चिठ्ठी होती. एमेटने पेचकसाने झाकण उचकटलं. आत रंग वाळून दगड झालेला. असे सहाशे डबे डेपोच्या मागच्या शेडमध्ये वाळून पडलेत, ती म्हणाली. आणि यंदा दोन लाख अठरा हजार उरलेत, ते ती परत पाठवणार होती.

एमेट बराच वेळ पेचकस पुसत राहिला. मग म्हणाला, "व्हर्ना, कुत्र्याने ताटलीत घास ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला कमी वाढतात. तुला वाटतं तू काटकसर करतेयस. वरचे म्हणतील, यांना एवढं लागतच नाही."

"नाहीच लागत, एमेट."

"गावाला लागतं."

तिने दोन बिजागऱ्या घेतल्या, मोड मोजून घेतली आणि गेली. डबा तिथेच राहिला. एमेटने तो फळीखाली सारला.

पैसे परत गेले. वरून आभाराचं तीन ओळींचं पत्र आलं. वसंतात दुसरं पत्र आलं, तेही फार लांब नव्हतं. डेपोची तरतूद दोन लाखांनी नाही, वीस लाखांनी कापली होती आणि एकतीस माणसांना घरी बसवलं होतं. त्यात एमेटचा जावई कर्टही होता. आता गंमत बघा. तरतूद कापणाऱ्यांना कोणी नाव ठेवलं नाही. ते लांब होते. व्हर्ना जवळ होती. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. तिच्या पत्रपेटीत कुणीतरी फावड्याचा मोडका दांडा खुपसून ठेवला.

उन्हाळ्यात खासदार डेल व्हिटसेट आले. निवडणूक नोव्हेंबरात होती. त्यांनी सभेसाठी आमचं दुकान निवडलं, कारण एमेटच्या दुकानात बोललेलं गावभर खरं मानलं जातं. चाळीसएक माणसं खिळ्यांच्या पेट्यांवर, शिडीच्या पायऱ्यांवर बसली होती. डेल खिशात एक पुठ्ठा बाळगायचे. त्यावर देशाचं कर्ज छापलेलं: छत्तीस लाख कोटी डॉलर. तो उंच धरून त्यांनी सांगितलं, की आज जन्मलेलं पोर एक लाख डॉलरचा बोजा घेऊन पाळण्यात पडतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुठ्ठा खिशात गेला. डेपोत दोनशे नवे ट्रक आणि त्यांच्यासाठी शेड आणतो, म्हणाले. एकतीसच्या जागी साठ माणसं लागतील. या टाळ्यांनी माझ्या खणातली नाणी थरथरली.

मागून व्हर्ना उभी राहिली. ते ट्रक लष्कराने मागितलेच नाहीत, तिने सांगितलं, तसं लेखी कळवलंय. मग म्हणाली, "तुमच्या पुठ्ठ्यावरचा आकडा या गल्ल्यात चढवायचा ठरवला, तर सेकंदाला एकदा दांडी ओढली तरी अकराशे वर्षं लागतील. मी हिशेब केलाय. ही शेड त्या आकड्यात येते की नाही, एवढंच सांगा."

डेल मनापासून हसले. माणूस गोड होता, खोटं कशाला बोलू. "व्हर्नाबाई, ते कर्ज दुसऱ्यांच्या गावांनी केलंय."

लोक खो खो हसले. व्हर्ना उभीच राहिली. सहाशे डबे वाळून गेले, ती म्हणाली, एमेटला विचारा.

डेल वळले. "बोल एमेट. तुझ्या दुकानातून गेलेला रंग कधी वाया गेला का?"

डबा एमेटच्या गुडघ्याला लागून होता. उचलून फळीवर ठेवायचा, एवढंच काम. त्याने कर्टकडे पाहिलं. तो शिडीशेजारी टोपी मुठीत धरून उभा होता. मग व्हर्नाकडे पाहिलं. आणि मग साठ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं छताकडे पाहिलं.

"माझ्या तरी ऐकण्यात नाही," तो म्हणाला.

व्हर्नाने मान डोलावली, जणू भाव विचारला होता आणि तो परवडला नाही. मागे वळून न पाहता दारापर्यंत गेली, मग बाहेर.

डेल दणदणीत मतांनी निवडून आले. व्हर्नाने त्याच महिन्यात नोकरी सोडली. शेड उभी राहिली, ट्रक आले, आणि जागा कमी पडली म्हणून चाळीस गवतातच राहिले. त्यांच्या टायरांखाली आता सापांनी घरं केलीत. कर्ट त्या ट्रकांची राखण करतो.

पुढचा सप्टेंबर गावाने कधी पाहिला नव्हता असा आला. एमेट सकाळपासून दांडी ओढत होता. नऊशे नव्व्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव. दुपारी माझ्या आत काहीतरी तुटलं. दांडी खाली गेली ती वर आलीच नाही, आणि काचेत तो आकडा अडकून बसला. आठवड्याभरात माझ्या जागी संगणकाचा एक पातळ पडदा आला. त्यात कितीही मोठा आकडा मावतो, आणि घंटी वाजत नाही.

मी आता मागच्या फळीवर आहे. शेजारी तो वाळलेला डबा. एमेटने टाकला नाही, पण कोणाला दाखवलाही नाही. परवा त्याने वर्तमानपत्र वाचता वाचता चष्मा काढला. कर्जाचं व्याजच आता सगळ्या सैन्याच्या खर्चापेक्षा जास्त झालंय, असं छापलं होतं. डेल मात्र फिरतायत. दुसऱ्या शेडचं ठरलंय. पुठ्ठा नवा छापलाय, कारण जुना आकडा कमी पडला.

व्हर्ना अधूनमधून येते. परवा खिळे घेतले. मोड मोजली, एक डॉलर जास्त आला होता. तिने तो फळीवर ठेवला आणि गेली. एमेटने तो पडद्याखालच्या खणात टाकला नाही. मागे आला, माझा अडकलेला खण दोन्ही हातांनी ओढून उघडला आणि डॉलर आत ठेवला.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, जुन्या दुकानदाराचं समजा. हिशेब खरा ठेवा. विकलं ते लिहा, आणि वाया गेलं तेही लिहा, आपल्याच हातून गेलं असलं तरी. आणि कोणी चारचौघांत विचारलं, तर फळीखालचा डबा वर काढून ठेवा. मला ते जमलं नसतं. मला हात नाहीत. एमेटला दोन होते.

तुम्हालाही आहेत.