नातालीनसाठी लादाईन

शिरोड्याच्या बाजारात पास्कू शिंप्याचं दुकान होतं, पण गावात त्याचं नाव झालं होतं ते लादाईनामुळे. कुणाच्या अंगणातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, सांजेची ही प्रार्थना असली की पुढे उभं राहायला पास्कूच हवा. लॅटिनमधली संतांची नामावळ तो अशी सोडायचा, की त्याचं शिवणयंत्र मागे पडावं. एकेका नावाला लोकांनी 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', म्हणायचं, तर ते 'ओरा' म्हणेपर्यंत हा दोन संत पुढे गेलेला असे. बाराव्या मिनिटाला आमेन, तेराव्याला उकडलेले चणे आणि चौदाव्याला पेल्यातला घोट. लोक बेहद्द खूश. देवही खूशच असणार, असं पास्कूला वाटे. त्यालाही चार गावांची कामं!

लॅटिनचा अर्थ कुणी विचारला तर म्हणायचा, "देवाक कळता मां? मगे तुका कित्याक व्हयो?"

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात मात्र त्याच्याच दारात लादाईन घालायची पाळी आली. बायको नातालीन सावंतवाडीच्या इस्पितळात होती. पोटात गाठ, आणि सकाळी ऑपरेशन. लेक सोबतीला होती. ती म्हणाली, "चेडू आसा माझ्यावांगडा. तू घराक जा, आमच्या खुरसाकडे लादाईन कर आणि सकाळच्या पयल्या गाडयेन ये." तीस वर्षं तिचं ऐकत आलेला माणूस निमूट एस्टीत बसला.

सांजेला अंगण भरलं. ख्रिस्ती होतेच, शेजारपाजारचे हिंदूही होते. पुढे गंगाराम गावकर, देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारे. पास्कूने मेणबत्ती पेटवली, क्रुसाची खूण केली, तोंड उघडलं आणि एकही संत आठवेना! शेकडो वेळा म्हटलेली नामावळ, पण पाटी कोरी. लोकांनी उगाच दोनदा 'ओरा प्रो नोबिस' म्हणून बघितलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. जगासाठी धावणारी जीभ नेमकी आपल्या बायकोच्या वेळी दगा देते, याचा पास्कूला इतका राग आला, की रडूच फुटलं.

गंगाराम पुढे सरकले. "पास्कू, ता लॅटिन ऱ्हवांदे. तुका काय व्हया, ता सांग तेका."

"असा कसा सांगू? माका येणा नाय."

"बायलेकडे बोलतंस तसा बोल."

पास्कूने खुरसाकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच तो त्याच्याशी बोलणार होता, आणि त्याला चक्क लाज वाटली.

"देवा," तो म्हणाला, "नातालीनीक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला लोक देतात तो, आयुष्यभर ऐकलेला होकार गंगारामांच्या तोंडून निघून गेला. ते चपापले, पण तोवर हिंदूंनीच काय, ख्रिस्त्यांनीही री ओढली होती.

"डॉक्टराचो हात थरथरूक देव नको."

"व्हय म्हाराजा!"

"ती माझ्यार खूप वरडता. वरडांदे."

"व्हय म्हाराजा!" बायका जोरात म्हणाल्या.

पास्कूला हसू आलं. मग तो थांबला. पुढचं त्याला बोलायचं नव्हतं. पण एवढं बोलल्यावर तेवढंच लपवणं खोटं झालं असतं.

"आणि देवा, तुका ती न्हेवचीच आसली... तर माका तरी सोडू नको. मी तुका शिव्या घालीन. तरी सोडू नको."

चण्यांचं पातेलं घेऊन आलेली शेजारची सत्यवती दारातच उभी राहिली.

मग पास्कूच्या पाठीवर हात ठेवून गंगाराम अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."