अर्ध्या व्होल्टेजवरची माळ

चाळीस दिवे, एकाच तारेत, एकापुढे एक.

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. मुलाला वर्षभर सण नाही.

अडॅप्टरने पिन बदलते. बाकी काही बदलत नाही.

"आई, इज इट ब्रोकन?"

उत्तर आज हवं.

हे सगळं आसावरीच्या डोक्यात एकदम चाललं होतं, आणि कशाला काय जोडायचं ते तिला कळत नव्हतं. अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घराच्या पुढच्या खिडकीत तिने बाबांची माळ लावली होती. बाबा मार्चमध्ये पुण्यात गेले. ही माळ त्यांनी स्वतः सोल्डरिंग करून केलेली. दर दिवाळीला ती गॅलरीत लागायची आणि समोरच्या इमारतीतली मुलं दिवे मोजत बसायची. आता ते घर रिकामं होतं. दादा, म्हणजे अतुल, गेल्या रविवारी फोनवर म्हणाला होता, "तुम्ही परत येणार असाल तर फ्लॅट ठेवतो, नसाल तर काढून टाकू. दिवाळीपर्यंत सांग." दिवाळी आज होती.

माळ लागली होती. पण दिवे नुसते तांबूस दिसत होते, विझायला आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखे.

"ब्रोकन नाही गं," तिचा नवरा संजीव लेकीला, रुहीला म्हणाला. "तिकडे दोनशे चाळीस व्होल्ट, इथे एकशेवीस. व्होल्टेज अर्धं, पॉवर अर्धी. सिंपल."

"अर्धी?" आसावरी म्हणाली. "हा अर्धा उजेड आहे?"

तिने रुहीच्या गृहपाठाचा एक कागद पालथा केला. शाळेत असताना बाबांनीच हे घोटून घेतलं होतं.

एक दिवा सहा व्होल्टचा. चाळीस दिवे, दोनशे चाळीस व्होल्ट. धारा ०.१ अँपिअर.
रोध = २४० भागिले ०.१ = २४०० ओहम.
शक्ती = २४० गुणिले ०.१ = २४ वॅट.

आता इथे.
धारा = १२० भागिले २४०० = ०.०५.
शक्ती = १२० गुणिले ०.०५ = ६.

सहा? चोविसाचे बारा व्हायला हवे होते. तिने खोडलं, पुन्हा केलं. सहाच.

"संजीव, पाव येतंय."

"कसं काय? दाखव." तो वाकून बघत राहिला. "अरे यार. व्होल्टेज अर्धं झालं म्हणून करंटपण अर्धा झाला. दोन्हीकडून मार. म्हणजे अर्ध्याचं अर्धं."

दोन्हीकडून. हा शब्द तिला आवडला नाही.

गराजमधला मीटर आणून संजीवने धारा मोजली. ०.०५ नव्हती. ०.०७ होती.

"आता हे काय?"

"दिव्यातली तार गार आहे ना. गार तार कमी अडवते. तिकडे पूर्ण तापायची, म्हणून रोध जास्त होता."

"म्हणजे तीच तार, तिकडे वेगळी, इथे वेगळी?"

"फिजिक्स आहे, आसा. माझ्याकडे काय बघतेस?"

मग कागदावरचं कुठलं खरं धरायचं? अर्धं नाही, पाव नाही, मधलंच काहीतरी. तिने पेन ठेवून दिलं.

"मिक्सरचा तो व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर असता तर आत्ता लखलखली असती," ती म्हणाली.

"तो तू पुरण वाटताना जाळलास."

"मी नाही, तुझ्या आईंनी."

"बरं, आमच्या आईने. आता डेव्हनच्या देशी दुकानांत जाऊ तेव्हा दुसरा. पण आज दिवाळी आहे ना? मधून काप. वीस इकडे, वीस तिकडे, दोन्हींना वेगळा प्लग. वीस सक एकशेवीस. फुल उजेड. दहा मिनिटांचं काम."

तिने ड्रॉवरमधली कात्री हातात घेतली. हिशेब तर बरोबरच होता.

"आणि मग पुण्याला नेली तर?"

"वीसची माळ? लावल्या लावल्या उडेल." त्याने मीटर खाली ठेवला. "पुण्याला कशाला न्यायची?"

आल्यापासून दर वर्षी दोघं म्हणत आले होते, अजून दोन वर्षं. दोनाचं कधी एक झालं नव्हतं.

"मला आवडलीय," रुही म्हणाली. "इट्स लाइक अ नाइट लाइट."

आसावरीने कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. पुण्यात नुकतं उजाडलं असणार.

"दादा, बाबांची माळ लावली."

"लागली? सगळे दिवे?"

"सगळे. पण पाव."

"पाव म्हणजे?"

"म्हणजे पाव नाही. मीटर वेगळंच सांगतोय."

"तू बरी आहेस ना गं? इथे तर आम्हाला यंदा काहीच नाही. कंदीलसुद्धा नाही." आणि मग, "फ्लॅटचं काय ठरलं?"

तिने खिडकीकडे पाहिलं. काय सांगायचं ते तिला अजूनही माहीत नव्हतं, आणि तोंडून निघून गेलं होतं, "विकून टाक."

"नक्की?"

"हो."

फोन ठेवला. संजीव दोन प्लग आणि पक्कड घेऊन आला. "दे, मी कापतो."

"नको."

"अगं, आत्ताच तर सांगितलंस ना त्याला—"

"माहितीये काय सांगितलं ते. नको म्हटलं ना."

"मग ही अशीच राहणार? मिणमिण?"

"अशीच."

तो दोन्ही हात पसरून रुहीकडे बघत राहिला. आसावरीने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला.

पहिले वीस दिवे बाबांनी अतुल जन्मला त्या वर्षी आणले होते. उरलेले वीस आसावरी जन्मली तेव्हा आले, आणि तोवर ती माळ कधी लागली नव्हती.