रावजीची मिशी आणि येडूची लाथ

१९३४ सालच्या खंडेनवमीला सोलापुरातल्या एका मिशीचा जीव टांगणीला लागला होता. मिशी रावजीची. तो गिरणीच्या फुटबॉल संघाचा कप्तान. पलीकडच्या गिरणीकडून हरलो तर मिशी उतरवीन, असं तो भर बाजारात बोलून बसला होता.

बायको गोजरबाई म्हणाली, "उतरवा की. मी दार उघडायची न्हाय. परका बाप्या घरात कोण घेईल?"

रावजीची सारी भिस्त बसलिंगप्पावर. पेनल्टी मारावी तर त्यानंच. आणि नेमकं सामन्याच्या आठवडाभर आधी, धार काढताना म्हशीनं त्यालाच लाथ मारली. गुडघा भोपळ्याएवढा सुजला.

"म्हशीलाच घ्या संघात," गोजरबाई म्हणाली.

रावजीनं तालमीतला एक पैलवान आणून पाहिला. चेंडू होता तिथंच राहिला, पैलवानाचं नख मात्र गेलं. मग मंद्रूपच्या बाजारात त्याला येडू धनगर दिसला. एका काखेत कोकरू, दुसऱ्या हातात काठी. कळपातून फुटलेल्या बकरीला तो पायानं ढेकूळ उडवून वळवत होता. ढेकूळ बरोबर तिच्या नाकासमोर पडायचं. रावजीनं त्याला तिथूनच उचलला.

लाथ बिनचूक, पण बाकीचा खेळ येडूला उमगेना. "मी हाक मारीपतूर हितंच थांब," म्हणून सामन्यात रावजीनं त्याला कडेला रोवलं. अगदी शेवटी, बरोबरी असताना, पेनल्टी मिळाली. हाक ऐकून येडू आला, वाकला आणि दचकून मागं सरला. सकाळी गिरणीत मागांबरोबर चेंडूचीही पूजा झाली होती. शिवणीत हळदकुंकू तसंच होतं.

"पुजलेल्या देवाला लाथ? न्हाय जमायचं."

"अरं, चेंडू हाय तो!"

"मग पुजला कशाला?"

रावजीचा हात आपोआप मिशीकडे गेला. "आदी पाया पड, माफी माग, मग हाण की बाबा!"

हे येडूला पटलं. त्यानं चेंडूपुढं लोटांगण घातलं. समोरचा गोलकीपर सिद्धाप्पा मोठा भाविक; त्यानंही डोळे मिटून हात जोडले. शिट्टी वाजली. येडूनं उठून लाथ हाणली. सिद्धाप्पानं डोळे उघडले तेव्हा देव त्याच्या मागं जाळ्यात जाऊन बसला होता.

पलीकडच्यांनी लई आरडाओरडा केला. पण पंच गोरा साहेब. नमस्काराला मनाई करणारा नियम काही त्याला सापडेना.

येडूला गिरणीत काम मिळालं, पण भोंग्याला वैतागून तो दिवाळीआधीच मेंढरांकडं परतला. बसलिंगप्पाचा गुडघा बरा झाला. म्हैस त्यानं विकली. घेतली सिद्धाप्पानं. धार काढण्याआधी तो तिला हात जोडायचा, डोळे उघडे ठेवून. रावजीची मिशी पांढरी होईपर्यंत टिकली. तिला ताक लागलं की गोजरबाई येडूच्या नावानं बोटं मोडायची. रावजी गेला तेव्हा मात्र शेवटचं तेल लावून मिशीला पीळ तिनंच दिला.