हिरो कट

कपाशीच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट. बाभुळगावात चंपतच्या कटिंगच्या दुकानाला लागून पिठाची चक्की होती. तिचा आवाज असा, की दुकानातल्या पाली बहिऱ्या झाल्या होत्या. तिच्यापुढे उभं राहून जमवलेल्या दोन सोयरिकी तर भलत्याच घरी जाऊन लागल्या. खोटं वाटत असेल तर त्या दोघी सुना अजून गावात आहेत, आणि मजेत आहेत.

त्या चक्कीशेजारी शाळेतला कारकून नीळकंठ खुर्चीत बसला. लग्नाचं वय उलटत चाललेलं. दुसऱ्या दिवशी मुकुटबनला मुलगी पाहायला जायचं होतं. रूप बेताचं, पण केस असे दाट की कंगवा आत गेला तर वाट विचारत बाहेर यायचा.

"चंपतभाऊ, हिरो कट मारजो," तो म्हणाला आणि डोळे मिटून मुकुटबनच्या रत्नप्रभेचं लाजणं बघू लागला.

मशीन फिरली. डोळे उघडले, तर आरशात मिशी लावलेला नारळ.

"हे काय केलं बे?"

"तूच त म्हनला, झिरो मार!"

"हिरो म्हटलं होतं, हिरो!"

"मंग जोरानं बोलाव ना. आता काय चिपकवून देऊ?" चंपत वरमला आणि मेहेरबानी म्हणून वस्तऱ्यानं उरलेले खुंटही साफ करून दिले.

दुसऱ्या दिवशी गुलाबमामाला घेऊन नीळकंठ मुकुटबनला पोचला. वाटभर त्याचा हात डोक्यावर जात होता आणि चटका बसल्यासारखा परत येत होता. दारात मुलीचे काका, सदाशिवराव, उभे होते. त्यांची नजर आधी डोक्यावर गेली. हसू मावळलं. वडीलधारं माणूस गेल्यावरच पुरुषानं असे केस काढायचे, ही सगळ्यांची रीत.

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

आता 'न्हाव्यानं झिरो ऐकलं' असं होणाऱ्या सासुरवाडीच्या उंबऱ्यावर कसं सांगायचं? नीळकंठची जीभ आपोआप वळली. "मोठे काका. केळापूरचे."

मामाला जोराचा ठसका लागला. केळापूरचे काका सकाळीच फोनवर 'पोरगी चांगली पाह्यजो' म्हणून ओरडले होते.

"अन् तरी आले तुमी? निरोप धाडला असता त चाललं असतं."

"शब्द दिल्ता ना," नीळकंठ म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं मान खाली घातली.

सदाशिवरावांनी त्याला हाताला धरून आत नेलं, गादीवर बसवलं. मग कानाशी वाकून एकच शब्द विचारला. "औषध?"

केळापूरच्या काकांना साखरेचा आजार. नीळकंठच्या डोळ्यांपुढे त्यांच्या गोळ्यांची डबी आली. "हो, घेत होते ना," असं म्हणायला गेला, पण घाईत निघालं, "हो, घेतलं."

आतल्या दारात पोह्यांची ताटली घेऊन उभी असलेली मुलगी तिथेच थांबली. तेव्हा कुठे नीळकंठला कळलं, आपण काय बोललो ते. त्या वर्षांत औषध म्हणजे फवारणीचं. ते शेतात कमी आणि घरात जास्त लागत होतं.

"हिच्या बापानंही," सदाशिवराव एवढंच म्हणाले. "माह्या लहान भावानं. मांगच्या दिवाळीत."

रत्नप्रभा पुढे आली. लाजणं वगैरे काही नव्हतं. ताटली ठेवून सरळ समोर बसली.

"काकू जेवते काय?" तिनं विचारलं. "माही आई जेवेच ना. तिले एकटं बसू देऊ नका. अन् लोक समजवाले येतात ना, त्यायले जास्त वेळ थांबू नका देऊ."

ती बोलत राहिली. वर्षभर कुणाशी बोलली नसावी, असं बोलली. सदाशिवरावही थक्क होऊन तिच्याकडे पाहत होते. नीळकंठच्या हातात पोहे तसेच. आणि मध्येच ती थांबली.

"मिशी ठेवली तुमी?"

नीळकंठचा हात तोंडावर गेला.

"माह्या भावाले नुकतीच मिसरूड फुटली होती. तेही काढली होती." तिच्या आवाजात संशय नव्हता. नवी रीत आहे का, एवढंच विचारत होती.

'आमच्याकडे ठेवतात', हे उत्तर जिभेवर तयार होतं. एक माणूस मारून झालाच होता. नीळकंठनं ते गिळलं.

"काका जिते आहेत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी हिरो कट सांगितला. त्यानं झिरो ऐकलं. मले लाज वाटली म्हणून..."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रत्नप्रभा उठली.

"मले वाटलं, तुमाले समजते," ती म्हणाली आणि आत गेली.

सदाशिवरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पोहे खाऊन घ्या. कळवतो आमी." कळवतो म्हणजे काय, ते नीळकंठला तीन घरांनी आधीच शिकवलं होतं. तरी त्यानं पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. ताटलीत टाकायचीही हिंमत नव्हती.

परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचं डोकं पाहून एक म्हातारा उठला. "बस बाबू, बस. कोन गेलं?"

मामानं डोळ्यांनी खुणावलं, बसून घे चुपचाप.

"कोणी नाही गेलं, बावाजी," नीळकंठ मोठ्यानं म्हणाला, मागच्या सीटपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. "कटिंगवाल्याले हिरो म्हटलं, त्यानं झिरो मारला."

अख्खी बस हसली. कंडक्टरनं तर तिकिटं फाडायची थांबवली. म्हातारा हसत हसत पुन्हा आपल्या जागी बसला, आणि नीळकंठ दांडी धरून पांढरकवड्यापर्यंत उभा राहिला.