ना-हरकत

वकीलसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावरून तिच्याकडे परत सरकवला.

"हे काय आणलंस?"

"नवं वकीलपत्र. तुमची ना-हरकत सही लागते म्हणाले," किल्लीवाली म्हणाली.

तिने साहेबांपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले होते, पण फुकट अशिलाशी साहेब अगं-तुगंच बोलत. जिन्याखाली तिचं किल्ल्या बनवण्याचं दुकान होतं. घरमालकाला तिथे लिफ्ट बसवायची होती. दावा हरला की दुकान जाणार आणि पोटावर पाय येणार.

असे फुकटचे दावे साहेब हौसेने घेत. सत्कारात त्यांचा उल्लेख झाला की मान खाली घालत. तेवढा विनय त्यांना जमे. एरवी ही माणसं म्हणजे त्यांच्या लेखी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी जमात. फी देणाऱ्याची सुनावणी त्याच दिवशी निघाली, की फुकटच्या दाव्यात मुदत मागायची, ही त्यांची रीत. धर्माच्या गायीचे दात काय मोजायचे?

मागच्या खेपेला मात्र न्यायाधीशांनी मुदत नाकारली. साहेब दुसऱ्या कोर्टात होते. किल्लीवालीची साक्ष झालीच नाही. ती घेतली जावी म्हणून अर्ज करायचा होता, त्याला साहेबांना अजून सवड मिळाली नव्हती.

नव्या वकिलाचं नाव वाचून साहेबांना हसू आवरेना.

"हा? गेटावर अशिलं गाठतो तो? फुकट थोडाच करणार आहे."

"नाही ना. एक मशीन विकलं मी."

"अगं, माझ्याकडे फुकट चाललं होतं तुझं."

"चाललं कुठं होतं, साहेब?"

साहेबांचे कान तापले. आजवर त्यांचं वकीलपत्र काढून घ्यायची हिंमत कुणी केली नव्हती, आणि करावी तर या बाईने. त्यांनी सही ठोकली.

"ध्यानात ठेव, हरशील."

किल्लीवालीने कागद ओढून घेतला, सही डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"हरले तर त्याच्या दारात जाऊन भांडेन," ती म्हणाली. "तुमच्याकडे हरले असते, तर वर आभार मानावे लागले असते."